उपासात सोडलेली गोळी

माझ्या सासूला एकदा आठवडाभर सगळं जग सोन्याचं दिसलं होतं. मी हे सांगते तेव्हा माझी नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. त्यांना चष्मा लावूनही समोरचं धड दिसत नाही आणि मला शहाणपण शिकवतात. मी तेव्हा त्याच घरात होते, त्याच चुलीपुढे बसले होते. 

सासूचं बाप्तिस्म्याचं नाव कार्मेलिन. पण वसईच्या पाचूबंदरात ते नाव फक्त पाद्रीबाबांच्या तोंडी असायचं. बाकी सगळ्यांची ती कमळी, आणि मी सायमनशी लग्न करून त्या घरात आले तेव्हापासून माझी आय. मी अर्नाळ्याची. अर्नाळ्याच्या पोरी तोंडाळ आणि पाचूबंदरच्या सासवा त्याहून तोंडाळ, असं लोक म्हणायचे. आमच्याकडे दोन्ही एका छपराखाली आल्या, त्यामुळे शेजारच्या रिटाची करमणूक कधी कमी पडली नाही.

आय उंच, काटक, तांबड्या चौकड्याचं लुगडं घट्ट नेसणारी. नवरा ऐन तरुणपणी तापाने गेला. तेव्हापासून डोक्यावर माशांची पाटी घेऊन ती बंदरावरून वसईच्या बाजारात आणि तिथून पापडीपर्यंत चालत जायची. पापलेटचा कल्ला उचलून एकदा बघितला की मासा कधी पाण्याबाहेर आला ते सांगायची, आणि ते खोटं ठरलेलं मी पाहिलं नाही. तिच्या आवडी दोनच, तंबाखू आणि खारवलेला सुका बोंबील. देवावर तिची भक्ती फार, पण त्याच्याशीही ती गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलायची. सायमनची होडी वाऱ्यात अडकली की मेरीमातेच्या मूर्तीपुढे उभी राहून म्हणायची, "मी तुना मेणबत्ती आधीच दिली हाय. आता तुजा शब्द पाल."

आता उपासाच्या काळाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. राखेच्या बुधवारी पाद्री कपाळाला राख लावतात, आणि तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ. मटण बंद, लग्नं बंद, बँडबाजा बंद. मासे मात्र चालतात. कोळ्यांना देवाने तेवढी सवलत दिली, असं सायमन म्हणायचा. शिवाय ज्याने त्याने आपली एक आवडती गोष्ट सोडायची. सायमन दारू सोडायचा आणि ईस्टरला सव्याज वसूल करायचा. मी चहातली साखर सोडायचे. आयच्या माहेरची रीत त्याहून कडक होती. जे सगळ्यांत लाडकं तेच सोडायचं, आणि काय सोडलं ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की पुण्य गेलं. ती दरवर्षी तंबाखू सोडायची. हे अर्थात सगळ्या बंदराला ठाऊक असे, कारण त्या दिवसांत तिच्याशी बोलायची कुणाची छाती होत नसे.

स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झाली असतील. पावसाळा संपला आणि आयला दम लागायला लागला. आधी पाटी उचलताना, मग मोरीपर्यंत जाताना, मग नुसतं बोलताना. पाय सुजले. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. आम्ही ओव्याचा शेक दिला, लसूण दिला, कुणी सांगितलं ते सगळं दिलं. शेवटी सायमनने टांगा केला आणि पापडीहून डॉक्टर क्लेमेंटना घेऊन आला.

डॉक्टर क्लेमेंट बारीक चणीचे, कमी बोलणारे. त्यांनी छातीला नळी लावली, पोट दाबलं, पायाचा खड्डा बघितला. म्हणाले, हृदय दमलंय, ते पाणी उपसू शकत नाही, म्हणून पाणी अंगात साठतंय. मग त्यांनी एकेक करून आयच्या आयुष्यातलं सगळं काढून घेतलं. मीठ बंद. खारे बोंबील बंद. तंबाखू बंद. कडक चहा बंद. कोळणीला मीठ सोड म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आय त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू ते घरातली भांडी उचलून चालले आहेत.

आणि मग त्यांनी एक बाटली दिली. बारीक, मळकट हिरव्या गोळ्या. डिजिटॅलिस म्हणाले. विलायतेत एक रानझाड असतं, त्याला घंटेच्या आकाराची जांभळी फुलं येतात, त्याच्या पानाची ही पूड. पहिले काही दिवस जास्त, मग रोज एक. आयने गोळी तळहातावर घेतली. तिच्या हातावरच्या माशाच्या खवल्याएवढीसुद्धा ती नव्हती.

"हे पान फार कडक आहे, कमळीबाई," डॉक्टर म्हणाले. "रोज एक. चुकवायची नाही, वाढवायची नाही. ह्याचं औषध आणि ह्याचं विष ह्यांच्यामध्ये फार जागा नाही."

पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. आठवडा उलटायच्या आत आयच्या अंगातलं पाणी जायला लागलं. मोरी धुता धुता माझी कंबर मोडली, त्यात सांगायला लाज कसली. पायाचे घोटे दिसायला लागले. कित्येक महिने सुजेखाली गाडलेले ते हाडकुळे घोटे बघून ती स्वतःच हसली. आणि एका सकाळी मी उठले तर आय चटईवर पाठ टेकून, हातपाय पसरून आडवी.  जवळ जाऊन नाकापुढे हात धरला. श्वास चालत होता, लांब आणि शांत. ती झोपली होती, माणसं झोपतात तशी. मी तिथेच गुडघ्यांवर बसले आणि मला रडू आलं. ज्या सासूशी मी रोज भांडायचे तिच्यासाठी मला रडू येईल असं वाटलं नव्हतं.

महिन्याभरात ती बंदरावर उभी राहून भाव करू लागली. पाटी उचलू द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून ती माझ्या डोक्यावर पाटी द्यायची आणि मागून सूचना. पण खरी गंमत त्या गोळीची. रोज सकाळी ती क्रूसाची खूण करायची, गोळी कपाळाला लावायची आणि मगच तोंडात टाकायची. दिवसभर वाट कशाची बघायची तर उद्याच्या गोळीची. एवढ्याशा पानात केवढा जोर, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मलाही ते नवल वाटत होतं. कुठलं झाड, कुठल्या थंड मुलखातलं, त्याला काय ठाऊक की पाचूबंदरात कमळी नावाची एक कोळीण आहे, आणि तरी तिच्या छातीत जाऊन ते बरोबर आपलं काम करत होतं.

मग राखेचा बुधवार आला.

त्या वर्षी आयने काय सोडलं ते आम्हाला कळलं नाही. तंबाखू तर आधीच बंद होती. मी विचारलं तर म्हणाली, "तू तुजी साकर बग." उपास लागून दोनतीन आठवडे गेले आणि ती पुन्हा बसून राहू लागली. मी म्हटलं, आय, आडवी का होत नाहीस? म्हणाली, रोजरी म्हणतेय, उपासाचे दिवस आहेत. तिच्या हातात माळ असायची, ओठ हलत असायचे. मला वाटलं, बाई बरी झाली, देवाचे आभार मानतेय. लुगडं ती घोट्याखालपर्यंत नेसायला लागली, ते मला दिसलं, पण का ते सुचलं नाही. दम लागला की उपासाने अशक्तपणा आलाय म्हणायची. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी देवळाच्या पायरीवर ती तीनदा थांबली. आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो. तिचे ओठ जांभळे पडले होते. सायमन म्हणाला, डॉक्टरला आणतो. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने बसला. ईस्टर झाल्यावर बघू, म्हणाली.

ईस्टर झाला आणि खरंच तिला बरं वाटायला लागलं. आठवडा अर्धा गेला नाही तोच पुन्हा मोरी, पुन्हा घोटे, पुन्हा आडवी झोप. घरात आनंदीआनंद. त्यातच आमचं भांडण झालं. मी दुपारी भात वाढला, पांढरा, नेहमीचा. आयने ताट जवळ ओढलं, भाताकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"लुशे, भातान हलद कोनी टाकली?"

"कोनीच नाय, आय."

"मंग पिवला कसा?"

मी म्हटलं, पिवळा कुठे आहे, चांगला पांढराफेक आहे. ती म्हणाली, मी म्हातारी झाले पण आंधळी झाले नाही. मी म्हटलं, अर्नाळ्यात आम्ही भातात हळद घालत नाही. ती म्हणाली, अर्नाळ्यात तुम्ही काय काय घालता ते मला माहीत आहे. रिटा कुडापलीकडून ऐकत होतीच. शेवटी आयने ताट सरकवलं आणि जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. म्हावऱ्याच्या वासाने तिला मळमळत होतं. जन्मभर माशात हात घालणाऱ्या बाईला म्हावऱ्याचा वास नको झाला, आणि मी मात्र तो हळदीचा राग समजत राहिले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, गेलो. पाद्रीबाबांनी पवित्र भाकर वर उचलली, घंटा वाजली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या शेजारी आय गुडघ्यांवर होती. तिने मान खाली घातली नाही. ती वर बघत होती, तोंड उघडं, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी तिला कोपराने ढोसलं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"सोना," ती म्हणाली. "लुशे, सगला सोना जालाय."

मेणबत्त्यांभोवती तिला मोठाली सोनेरी कडी दिसत होती. आल्तारावरचं, म्हणजे वेदीवरचं, पांढरं कापड सोन्याचं. पाद्रीबाबांचे हात सोन्याचे. भिंती, माणसं, समोरच्या बायकांच्या डोक्यांवरचे पांढरे पदर, सगळं आतून उजळलेलं. हे ती मला तिथेच, मिस्सा चालू असताना, पुटपुटत सांगत होती. मला आधी भीती वाटली. मग मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि खोटं का सांगू, माझा विश्वास बसला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्याच माणसाच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिलं नव्हतं. मृत्यूच्या दारातून परत आलेली बाई, चाळीस दिवस रात्ररात्र रोजरी म्हणणारी, तिला देवाने काही दाखवलं असेल तर त्यात अशक्य काय?

मागच्या बाकावर रिटा होती, म्हणजे बातमी पोचायला वेळ लागला नाही. सोमवारी सकाळी आमच्या अंगणात बायका उभ्या. वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळवायच्या बांबूंच्या रांगेवर, अर्धे बोंबील तसेच टाकून आल्या होत्या. कुणी आयचा हात डोळ्यांना लावला, कुणी मेणबत्ती आणली. रिटाने आपलं तापाने फणफणलेलं मूल आणून आयच्या मांडीवर ठेवलं. आयने त्याच्या कपाळावर हात ठेवला. तिचा हात गार होता, म्हणून असेल, मूल रडायचं थांबलं. बायकांनी क्रूसाची खूण केली. मीही केली.

दुपारपर्यंत फादर लॉरेन्स स्वतः आले. आमच्या देवळाचे पाद्री, अंगाने जाड, स्वभावाने सावध. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि स्टुलावर बसून आयला विचारलं, "कार्मेलिन, आल्तारावर सोनेरी प्रकाश दिसला म्हणतेस. आणखी कुठे दिसतो?"

आय खोटं बोलणारी बाई नव्हती. मासे विकताना भावात बोलायची तेवढंच. म्हणाली, "सगलीकडं दिसतंय, फादर. हय तुमच्या दाढीन पन हाय."

"आणखी?"

"वलांडीवरच्या बोंबलांन हाय. मोरीच्या पान्यान हाय." ती थांबली. मग जरा संकोचून म्हणाली, "काल रिटाचा नवरा पिऊन पडलेला वाटंवर. त्याच्या डोक्याभोवती तर लय मोटा होता."

अंगणात खसखस पिकली. रिटाचं तोंड बघण्यासारखं झालं. फादर हसले नाहीत. ते दाढी खाजवत बसले, आणि मला वाटतं त्यांना खरोखरच कळत नव्हतं की हा देवाचा प्रसाद म्हणावा की काय म्हणावं. तेवढ्यात आयने मूल माझ्याकडे दिलं, भिंतीला हात लावून उठायला गेली, भडभडून ओकली आणि जमिनीवर कोसळली.

सायमन धावत गेला. डॉक्टर क्लेमेंट येईपर्यंत आय शुद्धीवर आली होती, पण अंग थंड घामाने भिजलेलं. घरात फादर, दारात रिटा आणि बायका. डॉक्टर कुणाकडेही न बघता आत आले, खाली बसले आणि आयचं मनगट धरलं. खिशातलं घड्याळ काढून त्यावर बघत राहिले. फार वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिच्या डोळ्यांपुढे आपला पांढरा रुमाल धरला.

"कमळीबाई," त्यांनी विचारलं, "हा पिवळा दिसतो का?"

त्यांना कुणीही काही सांगितलं नव्हतं. सायमन इतका घाबरला होता की वाटेत त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. जे आयने देवळात पाहिलं, ज्यासाठी अख्खं बंदर आमच्या दारात गोळा झालं, ते ह्या बारीक माणसाने नाडी धरून सांगितलं.  फादर लॉरेन्स स्टुलावरून उठून उभे राहिले.

"व्हय," आय म्हणाली. "सोन्याचा दिसतंय."

"किती गोळ्या घेतेस रोज?"

  आयने फादरकडे बघितलं, मग मेरीमातेच्या मूर्तीकडे. मी उठले आणि मूर्तीमागे हात घातला. तिथे मेणबत्तीच्या डबीत हिरव्या गोळ्या होत्या. उपासाच्या रोजच्या, न घेतलेल्या. त्यांतल्या कितीतरी संपल्या होत्या आणि तरी डबीच्या तळाशी अजून उरल्या होत्या.

तेव्हा सगळं बाहेर आलं. उपासात तिने गोळी सोडली होती, रोज नुसती कपाळाला लावून डबीत टाकली होती. आणि ईस्टरच्या दुपारी, उपास सुटला म्हणून, साठवलेल्या गोळ्या घ्यायला लागली, एकेका दिवसाला चारचार. सुरुवातीला डॉक्टरांनी जास्त दिल्या होत्या आणि चमत्कार झाला होता, ते तिला आठवत होतं.

डॉक्टर क्लेमेंट क्वचित चिडायचे. त्या दिवशी चिडले. "गोळी हे काय पुरणपोळी आहे का, उपासात सोडायला?"

आय पडल्या पडल्या म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी शांत होता, "तुमीच तर सगला घेतला, डॉक्टर. मीठ घेतला, बोंबील घेतला, तंबाकू घेतली. देवाला देयाला माज्याजवल रायला काय? लाडकी म्हनून ही एक गोली रायली."

डॉक्टरांनी पुन्हा तिचं मनगट धरलं.   त्यांनी आणि फादरनी आपापल्या परीने तिला नेम घालून दिले होते, आणि दोघांचेही पाळता पाळता ती इथवर आली होती.

मग डॉक्टरांनी मला आणि सायमनला बाहेर नेऊन सांगितलं. पान अंगात साठलंय. त्याने हृदयाला आवर घातला तेव्हा गुण आला, आता तेच त्याला थांबवू बघतंय. पिवळं दिसणं, मळमळ, नाडी मंद, ही सगळी त्याचीच लक्षणं. ह्यावर उतारा नाही. गोळी बंद करायची आणि पान आपोआप उतरायची वाट बघायची. उतरेपर्यंत हृदय चाललं तर आय आपली. त्यांनी कसलंसं खारट औषध दिलं, नारळाचं पाणी आणि केळी द्या म्हणाले. वसईत केळ्यांना काय तोटा? पण रिटाने मात्र आपल्या घरातली ठेवणीतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणून दिली, आणि नवऱ्याच्या डोक्याभोवतीच्या त्या मोठ्या सोनेरी कड्याबद्दल एक शब्द काढला नाही.

ते दिवस मी आयचं मनगट धरून काढले. डॉक्टरांनी मला नाडी बघायला शिकवली होती. नाडी दोन ठोके द्यायची आणि थांबायची. त्या थांबण्यात माझाही श्वास थांबायचा. मग पुन्हा ठोका यायचा, आणि मला वाटायचं, हे कुणी दिलं? मी त्याआधी कधी विचारच केला नव्हता की माणसाच्या छातीत असं काही अखंड चाललेलं असतं, भांडताना, मासे विकताना, झोपेत, आणि आपण त्याला एकदाही विचारत नाही.

आय मात्र घाबरली नव्हती. तिला अजून सोनं दिसत होतं. ती मला दाखवायची. छपरातून येणारा उन्हाचा पट्टा, चुलीवरचं काळं झालेलं तपेलं, कोपऱ्यातलं जाळं, दोरीवरची माझी फाटकी चोळी. "बग, बग," म्हणायची. आणि मी बघायचे. मला काळं तपेलं काळंच दिसायचं, पण तिच्याबरोबर मी ते इतका वेळ बघितलं की त्याच्यावरचा प्रत्येक पोचा मला पाठ झाला. एकदा तिने माझा हात उलटसुलट करून बघितला, भेगा पडलेला, बोंबलांच्या वासाचा, आणि म्हणाली, "तुजा हात पन सोन्याचा हाय, लुशे." लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने माझं केलेलं ते पहिलं कौतुक. मी चेहरा फिरवला, कारण मला ते सहन झालं नाही.

हळूहळू नाडी भरली. तिने पेज मागितली. पेज पुढे ठेवली तर तिच्याकडे बघत बसली.

"पांडरी हाय," म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही सगळे हसत होतो, सायमन दारात नाचायचा बाकी होता, आणि ती रडत होती. तिचं काय गेलं ते तिलाच ठाऊक.

पुढे ती हिंडूफिरू लागली तेव्हा तिने फादर लॉरेन्सना विचारलं, की ते सोनं देवाचं होतं की पानाचं? फादर म्हणाले, पाद्री होताना सेमिनरीत मला हे शिकवलं नाही, मला माहीत नाही. मला त्यांचा त्याच दिवसापासून आदर वाटायला लागला. पण त्यांनी तिला प्रायश्चित्त दिलं. आयुष्यभर रोज एक गोळी, कमी नाही की जास्त नाही. आणि उपासात काय सोडणार ते आधी लुसीला, म्हणजे मला, सांगायचं, गुपित ठेवायचं नाही. डॉक्टरांनी नाडी बघून गोळी अर्धी केली, मग पुन्हा एक केली, आणि दर महिन्याला येऊन तिच्या डोळ्यांपुढे पांढरा रुमाल धरायचे.

आता आयला नवी आवड लागली. ती त्या आठवड्याची गोष्ट सांगायची. वलांडीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात. आल्तारापासून सुरू करायची आणि रिटाच्या नवऱ्यावर संपवायची. गोष्ट सांगताना तिचा चेहरा त्या मिस्सेतल्यासारखा व्हायचा. शंभरदा ऐकलेल्या बायकाही हातातलं काम थांबवायच्या.

पुढच्या राखेच्या बुधवारी देवळातून आल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. गोळी तिने माझ्यासमोर घेतली. मग म्हणाली, "औंदा काय सोडला ते सांगू? ती सोन्याची गोस्ट सोडली. ईस्टरपावेतो कोनाला सांगायची नाय."

मला हसू आलं. पण ते सोडणं तंबाखूपेक्षा अवघड होतं हे मला लवकरच दिसलं. लोक मुद्दाम विचारायचे. कुणी पाहुणा आला की रिटा म्हणायची, कमळीबाय, ते सोन्याचं सांग ना. आयचे डोळे चमकायचे, ओठ हलायला लागायचे, आणि मग ती एक बोट उचलून ओठांवर ठेवायची. ईस्टरची मिस्सा संपली की देवळाच्या पायरीवरच सुरू व्हायची. दरवर्षी तिने हेच सोडलं.

त्या एका पानाने तिला आणखी पाच-सहा वर्षं दिली. मग पानही थकलं. सत्तावन्न साली, उपासाच्या काळात, झावळ्यांचा रविवार झाला आणि डॉक्टर क्लेमेंटनी मला सांगितलं की आता गोळीच्या हातात काही नाही. दुपारची वेळ होती. फादर येऊन मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले होते. छपरातून उन्हाचा पट्टा नेहमीसारखा चुलीवर पडला होता. मी आयचं मनगट धरलं होतं. ठोका यायचा, थांबायचा, खूप वेळाने यायचा.

तिने डोळे उघडले. ती त्या काळ्या तपेल्याकडे बघत होती. मग माझ्या हाताकडे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी येत गेलं, आणि मला एकदम त्या मिस्सेची आठवण झाली. मला राहवलं नाही. मी वाकून तिच्या कानाशी विचारलं, "आय, कसा दिसतंय? सोना दिसतंय का?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मग तिने मोठ्या कष्टाने हात उचलला आणि एक बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

ईस्टर अजून चार दिवसांवर होता.